तीन पावले मागे

नागपूरच्या बाजारात संत्री घ्यावयास गेलेला माणूस संत्रे आधी तळहातावर तोलून पाहतो. माठ घ्यावयाचा असेल, तर तो बोटांच्या पेरांनी वाजवून पाहतो. आवाज बद्द आला, की माठाला कुठेतरी चीर आहे हे त्याला कळते. कापड घेणारा ते उजेडात धरतो आणि आंबा घेणारा तो नाकाशी नेतो. परंतु ज्याला जिवंत मासा घ्यावयाचा आहे, त्याला यांतले काहीच करता येत नाही. मासा काचेच्या आड, पाण्यात असतो. त्याला तोलता येत नाही, वाजवता येत नाही, हुंगता येत नाही. आणि दुखले-खुपले तरी तो बिचारा ओरडत नाही. घेणाऱ्यापाशी उरतात ते केवळ दोन डोळे. ही गोष्ट साधी खरी. पण नागपुरातील एका मुलाला ती कळावयास एक हिवाळा आणि पाच मासे खर्ची पडले.

हा मुलगा महाल भागातील एका जुन्या घरात आईवडिलांबरोबर आणि आजोबांबरोबर राहत असे. तो सातवीत शिकत होता. दिवाळीत त्याच्या मामाने त्याला काचेची एक पेटी भेट दिली. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच होती. काठोकाठ भरली तर तीत सुमारे 56 लिटर पाणी मावेल, असा हिशेब त्याने स्वतःच वहीत मांडला. नाताळची सुट्टी लागताच त्याने गल्ला फोडला, पेटीत नळाचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी तो एका मित्राला घेऊन बाजारातील माशांच्या दुकानात गेला.

दुकानात पंधरावीस पेट्या दिव्यांनी उजळल्या होत्या. कोणता मासा पाहावा आणि कोणता नको, असे त्या मुलाला झाले. त्याने दोन सोनेरी मासे घेतले, दोन काळेभोर मोली घेतले. पाचवा मासा मात्र त्याने फार हौसेने निवडला. पांढऱ्या अंगावर शेंदरी डाग असलेला तो मासा होता, आणि त्याची शेपूट साडीच्या पदरासारखी होती. बाकीचे मासे सारखे इकडून तिकडे पळत होते. हा एकटाच कोपऱ्यात, तळच्या वाळूजवळ, पर अंगाशी मिटून बसला होता. “हा किती शांत आहे, नाही?” मुलगा मित्राला म्हणाला. घरी येताच त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीचे तोंड सोडले आणि मासे दुकानाच्या पाण्यासकट पेटीत ओतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या देखण्या माशाच्या शेपटीवर बारीक पांढरे ठिपके दिसू लागले. कुणी मिठाचे कण भुरभुरावेत तसे ते दिसत होते. मुलाला आनंदच झाला. “आई, बघ ना, याच्या अंगावर मोती उमटले!” असे म्हणून त्याने आईला हाताला धरून पेटीजवळ आणले. आईनेही कौतुकाने पाहिले. आजोबा मात्र चष्मा पुसून बराच वेळ पेटीसमोर उभे राहिले आणि काही न बोलता परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मोती लवकरच सगळ्यांच्या अंगावर उमटले. सोनेरी मासे दगडांवर अंग घासू लागले. त्यांचे कल्ले भराभर हलू लागले. मग ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले. मुलगा शाळेतून आला, की दप्तर खांद्यावरून न काढताच पेटीकडे धावे, आणि रोज तेथे एक जीव कमी झालेला असे. संक्रांतीच्या दिवशी घरोघर तिळगूळ वाटला जात होता, तेव्हा हा मुलगा अंगणातील सीताफळाच्या झाडाखाली खड्डा खणीत होता. पाचांपैकी चार गेले होते. पेटीत एक मोली तेवढा उरला होता, तोही कलता पोहत होता.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “अरे, त्याला फुटाळ्यात सोडून ये. एवढे मोठे पाणी आहे, जगेल बिचारा.” मुलाला ते पटले. त्याने मोलीला एका बरणीत घेतले आणि तो निघाला. परंतु जिन्यापाशी त्याला वरच्या मजल्यावरची ताई भेटली.

ही ताई तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकत होती. हे महाविद्यालय महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे. 2000 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरातच आहे. मासे कसे वाढतात, कशाने आजारी पडतात, तळ्यांची काळजी कशी घ्यावी, याचे शिक्षण ताई घेत होती. भोसल्यांच्या काळात बांधलेला फुटाळा तलाव, ज्याला लोक तेलंगखेडीचा तलावही म्हणतात, तिच्या रोजच्या ओळखीचा होता. तिने बरणी उजेडात धरली आणि विचारले, “हा कुठे चालला?”

“फुटाळ्यात सोडायला, ताई.”

“तो तेथे एकटा जाणार नाही,” ताई म्हणाली. “त्याच्या अंगावरचा रोगही त्याच्याबरोबर जाईल. शिवाय तो परदेशी मासा आहे. लोकांनी घरातून आणून सोडलेले काही परदेशी मासे आपल्या नद्या-तलावांत इतके माजले आहेत, की तेथल्या मूळच्या माशांना खायला आणि राहायला उरत नाही. घरात आणलेला मासा तळ्यात सोडणे ही दया नव्हे.”

मग पायरीवर बसून तिने त्याला त्या ठिपक्यांची हकीकत सांगितली. प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरलेला एक सूक्ष्म परजीवी असतो. माशाच्या जिवावर तो काही दिवस पोसतो, पुष्ट होतो आणि गळून तळाशी पडतो. तेथे तो स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या कवचात एकाचे शेकडो होतात. ती शेकडो पिल्ले पाण्यात पोहत नव्या माशाचा शोध घेतात. दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पंचवीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात हा सारा फेरा साधारण आठवड्याभरात पुरा होतो. कातडीखाली दडलेल्या किड्यापर्यंत औषध पोहोचत नाही. ते पोहणाऱ्या पिल्लांनाच मारू शकते. म्हणून औषध वेळेवर आणि पुष्कळ दिवस द्यावे लागते. त्यातच प्रवासाने आणि थंडीच्या रात्रींनी मासा हैराण झालेला असला, की रोगाचे फावते.

“पण दुकानात तर त्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता,” मुलगा म्हणाला.

“ठिपका नव्हता, पण तो कसा बसला होता, आठवते?”

मुलाला सगळे आठवले. कोपरा आठवला, वाळू आठवली, अंगाशी मिटलेले पर आठवले. निरोगी मासा पर पसरून पोहतो. पर मिटून एकीकडे बसलेला मासा शांत नसतो, आजारी असतो, हे आता त्याला कळले. तो खाली मान घालून म्हणाला, “म्हणजे बाकीच्या चौघांना मीच मारले.”

ताईला यावर काय बोलावे ते सुचेना. त्या रात्री तो मोलीही गेला.

आजोबांनी नातवाला जवळ बोलावले. ते पूर्वी रेल्वेत गाड्यांची तपासणी करण्याच्या कामावर होते. नागपूर हे मोठे जंक्शन. मुंबईहून हावड्याकडे जाणारा आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा असे दोन मोठे लोहमार्ग येथे एकमेकांना भेटतात. त्यांवरून येणाऱ्या गाड्यांची चाके पाहण्यात आजोबांचा सारा जन्म गेला होता.

“गाडी स्टेशनात शिरते, तेव्हा लोक काय पाहतात?” आजोबांनी विचारले.

“डबे. खिडक्या.”

“आणि मी चाके पाहत असे. गाडी चालती असतानाच आधी दुरून पाहावे लागे. काही लोंबते आहे का, एखादे चाक वेगळाच आवाज करते आहे का. गाडी थांबली, की जवळ जाऊन हातोडीने ठोकून पाहायचे. निरोगी चाक घंटेसारखे वाजते. आधी दुरून, मग जवळून, असा तो नियम होता. पहिल्या पहिल्या दिवसांत माझ्याही हातून एक सदोष चाक सुटले होते. पुढच्या स्टेशनात दुसऱ्याच्या लक्षात आले म्हणून निभावले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी हातोडी घेऊन पुन्हा फलाटावर उभा होतो. तू डबे पाहिलेस, बाळा. आता चाके पाहावयास शीक.”

दुसऱ्या दिवसापासून मुलाने पेटी पुन्हा मांडावयास घेतली. पण आता त्याला घाई नव्हती. पेटी, वाळू, दगड सारे धुऊन त्याने कडक उन्हात अनेक दिवस वाळवले. नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हान या नद्यांचे पाणी येते. माणसांना ते निर्धोक व्हावे म्हणून त्यात क्लोरीन मिसळतात. परंतु तोच क्लोरीन माशांचे नाजूक कल्ले भाजून काढतो. म्हणून मुलाने पाणी उघड्या बादल्यांत एक दिवसाहून अधिक ठेवून मग पेटीत भरले. हवेचा पंप लावला, स्पंजाची गाळणी बसवली आणि ताईने आणून दिलेल्या लांब पात्यांच्या पाणवनस्पती वाळूत रोवल्या.

इतके झाल्यावर त्याने आशेने विचारले, “ताई, आता मासे आणू?”

“आता तर मुळीच नको. हे पाणी दिसते स्वच्छ, पण ते अजून कच्चे आहे.”

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य पाण्यात कुजते, तेव्हा अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. वाळूत आणि गाळणीत हळूहळू काही उपकारक जिवाणू वस्ती करतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते, आणि वनस्पती ते शोषून घेतात. ही वस्ती वसावयास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासे नसले, तरी जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाद्य टाकावे लागते. शेजारच्या काकूंना याचे फार हसू येई. “मासे नाहीत आणि जेवण कुणाला वाढतोस रे?” असे त्या विचारीत. मुलगा गंभीरपणे उत्तर देई, “जे दिसत नाहीत त्यांना.”

या दिवसांत ताईने त्याला एक जुनी हकीकत सांगितली. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. काचेच्या भांड्यात सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी सारखे न बदलताही सारे जीव नांदू शकतात, हे त्यांनी 1850 मध्ये प्रसिद्ध केले. वनस्पती माशांना प्राणवायू देतात, मासे वनस्पतींना पोषण देतात आणि गोगलगायी कुजकी पाने खाऊन टाकतात. पुढे 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले. “तेव्हा पेटी म्हणजे माशांचा नुसता पिंजरा नव्हे,” ताई म्हणाली, “ते एक लहानसे गाव आहे. गाव वसल्यावर पाहुणे बोलवावेत.”

पाहुणे कोणते बोलवावेत, हाही प्रश्न होताच. मुलाचे मन अजून सोनेरी माशांतच होते. परंतु सोनेरी मासा मूळचा चीन देशातील, थंड पाण्यात सुखी राहणारा; आणि मोठा झाला की तो वीतभर लांब होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. पाणी जसे तापते, तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. म्हणून आपल्या गावच्या हवापाण्याला सोसेल असाच मासा निवडणे शहाणपणाचे असते. ताईने झेब्रा माशाचे नाव सुचवले. हा बोटाएवढाही नसलेला मासा भारतातीलच ओढ्यांत आणि शेतांच्या पाण्यात राहणारा आहे. त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे असतात. गंगेच्या खोऱ्यातील माशांवर लिहिलेल्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. कारण हृदयाचा दुखावलेला भाग पुन्हा वाढवण्याची विलक्षण शक्ती त्याच्या अंगी आहे. तो एकटा राहत नाही. निदान सहा जणांचा थवा त्याला हवा असतो.

होळीच्या सुमारास मुलगा, आजोबा आणि ताई असे तिघे एका दुसऱ्या दुकानात गेले. मुलगा नेहमीच्या सवयीने काचेला नाक लावावयास धावला. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तीन पावले मागे,” ते म्हणाले.

तिघेही तीन पावले मागे उभे राहिले. काचेजवळ माणूस आला, की मासे दचकतात किंवा खाण्याच्या आशेने सारेच धावून येतात. अशा वेळी आजारी कोण आणि निरोगी कोण, हे ओळखू येत नाही. दुरून मात्र ते आपल्या सहज चालीने पोहताना दिसतात. प्रथम एकेक मासा पाहावयाचा नाही, सारी पेटी पाहावयाची. पाणी गढूळ आहे काय? तळाशी मेलेला मासा पडला आहे काय? एखाद्याच्या अंगावर मिठासारखे ठिपके किंवा कापसासारखा पुंजका आहे काय? एकालाही रोग दिसला, तर त्या पेटीतील देखणा मासासुद्धा घेऊ नये. कारण पाणी सर्वांचे एकच असते.

मग ते जवळ गेले. डोळे स्वच्छ आहेत की धुरकट, पर अखंड आहेत की कडांनी झिजलेले, खवले अंगाशी सपाट बसलेले आहेत की नाहीत, पाठ सरळ आहे की वाकडी, कल्ले एका लयीत हलतात की धापा टाकल्यासारखे, हे सारे मुलगा एकामागून एक पाहू लागला. एका माशाचे पोट फुगलेले पाहून तो घाईने म्हणाला, “ताई, हा आजारी!”

“खवले पाहा,” ताई म्हणाली. “जलोदर झालेल्या माशाचे खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहतात. हिचे तर सपाट आहेत. ही मादी आहे. झेब्रा माशाची मादी पोटाशी गोलच असते. नर सडपातळ असतो.”

शेजारच्या पेटीत काचेसारखे पारदर्शक मासे होते, आणि त्यांच्या पाठीवर झगझगीत गुलाबी व हिरव्या रेघा होत्या. मुलगा भान हरपून पाहू लागला. ताईचा चेहरा मात्र उतरला. हा मासाही आपल्याच देशातला. मूळचा तो रंगहीन असतो. त्याच्या शरीरातील काटा न् काटा दिसतो, हेच त्याचे सौंदर्य. काही ठिकाणी विक्रीसाठी सुईने टोचून त्याच्या अंगात रंग भरतात. त्या जखमांनी पुष्कळ मासे मरतात, आणि जगलेल्यांचा रंगही काही महिन्यांत उडून जातो. हे ऐकल्यावर त्या रेघांकडे पुन्हा पाहण्याचे मुलाला धैर्य झाले नाही.

दुकानदार मनमोकळा माणूस होता. “हे मासे केव्हा आले?” असे आजोबांनी विचारताच तो म्हणाला, “चार दिवस झाले, काकाजी. कलकत्त्याकडून आले.” भारतात शोभेच्या माशांची पैदास कोलकात्याच्या आसपास आणि चेन्नईकडे मोठ्या प्रमाणावर होते. पिशवीत थोडे पाणी आणि वर प्राणवायू भरून मासे पाठवतात. निघण्यापूर्वी त्यांना उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. इतक्या प्रवासाने मासा थकलेला असतो, आणि थकलेल्याच्या अंगी लपलेला रोग काही दिवसांनी डोके वर काढतो. आजोबांनी दुकानदाराला माशांना थोडे खाद्य टाकावयास सांगितले. खाद्य पडताच सारा थवा विजेसारखा वर आला.

एकच मासा आला नाही. तो पेटीच्या मागल्या कोपऱ्यात, पर अंगाशी मिटून, पाण्याच्या पृष्ठभागापाशी थरथरत होता. त्याच्या अंगावर ठिपका नव्हता, जखम नव्हती. इतर कुणाच्या दृष्टीस तो पडलाही नव्हता. परंतु त्या मुलाला तो ताबडतोब दिसला.

मुलगा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “आजोबा, आपण यालाच घेऊ या का? येथे राहिला तर तो मरेल.”

आजोबांनी ताईकडे पाहिले. ताई म्हणाली, “घेता येईल. पण नुसत्या कळवळ्याने मासा बरा होत नाही. त्याला वेगळी पेटी हवी, औषध हवे, आणि रोज चारदा पाहणारा माणूस हवा. तुझ्याकडे वेगळा टब एकच आहे. उद्यापासून तुझी परीक्षा आहे. तूच विचार कर.”

मुलाने विचार केला. मागच्या खेपेस त्याने काहीच न पाहता निवड केली होती. या खेपेस सारे दिसत असताना त्याला निवड करावयाची होती, आणि ती अधिक कठीण होती. शेवटी तो दुकानदाराकडे गेला. “काका, त्या कोपऱ्यातला मासा आजारी आहे. त्याला वेगळा ठेवाल का?”

दुकानदाराने वाकून पाहिले आणि कपाळाला आठी घातली. मग त्याने मुकाट्याने जाळी घेतली, तो मासा एका वेगळ्या भांड्यात काढला आणि ती जाळीही बाजूला टाकली. “पोरगा बरोबर बोलतो, काकाजी,” तो म्हणाला. “आता या पेटीतले मासे मी दोन आठवडे कुणाला देत नाही. तुम्हालाही नाही. पाडव्याला या.”

तिघे रिकाम्या हातांनी घरी परतले. वाटेत मुलगा काही बोलला नाही. आजोबाही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्याचा हात जरा घट्ट धरला होता.

गुढीपाडव्याच्या दुपारी ते पुन्हा गेले. वेगळे भांडे रिकामे होते. मुलाने विचारण्यापूर्वीच दुकानदार म्हणाला, “तो वाचला नाही. पण बाकीचे तीसच्या तीस ठणठणीत आहेत. त्या दिवशी तू बोलला नसतास, तर ते अर्ध्या नागपुरात वाटले गेले असते.” मुलाने मान हलवली. मग तो तीन पावले मागे गेला आणि पाहू लागला. अर्धा तास झाल्यावर त्याने सहा मासे बोटाने दाखवले: चार माद्या आणि दोन नर.

घरी आल्यावर पिशवी त्याने तोंड बांधलेलीच टबातील पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवली, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी सारखे कोमट व्हावे. मग टबातील पाणी थोडेथोडे पिशवीत घातले. शेवटी जाळीने मासे तेवढे उचलून टबात सोडले. दुकानाचे पाणी मोरीत गेले. मासे उडी मारतात, म्हणून टबावर जाळी झाकली. मोठी पेटी तयार असतानाही ताईने त्यांना तीन आठवडे टबातच ठेवावयास सांगितले. टबात रोग निघाला, तर औषध देणे सोपे. मोठ्या पेटीत शिरला, तर वाळू, वनस्पती आणि जिवाणूंचे सारे गाव पुन्हा वसवावे लागे. मुलाने एक वही केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ तीत नोंद ठेवली: खाल्ले की नाही, पर कसे आहेत, श्वास कसा आहे. तीन आठवड्यांच्या बेचाळीस नोंदी झाल्या. त्रेचाळिसावी नोंद फक्त एका ओळीची होती: ‘आज सहाही मासे मोठ्या पेटीत सोडले.’

पुढे मे महिना आला. नागपूरचे रस्ते दुपारी ओस पडू लागले. मुलाने पेटी खिडकीपासून दूर, खोलीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात हलवली. झाकण काढून त्याने वर जाळी ताणली आणि पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर घेतला. माठातील पाणी जसे बाष्पीभवनाने गार होते, तसेच पेटीतीलही थोडे गार होते, हे त्याला आजोबांनी सांगितले. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी तो रोज मुरवलेले पाणी घाली. हवेचा पंप रात्रंदिवस चालू राही. वीज गेली, की तो एका भांड्याने पेटीतलेच पाणी उंचावरून पुन्हा पेटीत सोडीत बसे, म्हणजे त्यात हवा मिसळावी. सहाही मासे उन्हाळा तरून गेले.

मृगाचा पहिला पाऊस पडला, त्या आठवड्यात वर्ध्याहून त्याची धाकटी मामेबहीण आली. पेटी पाहून तिलाही मासे पाळावेसे वाटू लागले. दोघे आजोबांबरोबर त्याच दुकानात गेले. दिव्यांच्या उजेडात एक शेंदरी मासा चमकत होता. ती पोर धावतच काचेपाशी गेली आणि म्हणाली, “दादा, हा किती छान आहे! हाच घेऊ?”

तो हसला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“आधी तीन पावले मागे ये,” तो म्हणाला, “आणि मला सांग, तो पोहतो कसा?”